‘मॅडम, गाडी जोरात चालवता का?’

गाडी वळणावर जोरात घेतली तर पुढचा टायर बाहेरच्या कडेने झिजतो. आतल्या नाही. हे सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण गेले कित्येक महिने मला याच्या बरोब्बर उलटं ऐकवलं गेलं आहे, आणि तेही टायर विकून पोट भरणाऱ्या माणसाकडून. वळताना गाडीचा भार बाहेरच्या चाकावर येतो, टायर त्या बाजूला दबतो आणि त्याचा बाहेरचा खांदा रस्त्याला घासतो. हवा कमी ठेवली तर दोन्ही कडा जातात. हवा जास्त भरली तर मधला पट्टा जातो. बाहेरची कड नव्यासारखी आणि आतली मात्र गुळगुळीत, असं दिसलं तर चाकाच्या कोनात काहीतरी बिघडलेलं आहे. चालवणारीच्या पायाचा त्यात काही संबंध नाही.

माझी गाडी ऑक्टेव्हिया आरएस, २०१७ ची. ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी: दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २३० अश्वशक्ती, आणि ही सगळी ताकद फक्त पुढच्या दोन चाकांवर. टायर रुंद आणि बुटके. एकाला चौदा-पंधरा हजार सहज पडतात, चांगल्या कंपनीचा घेतला तर त्याहून जास्त. पुण्यात ही गाडी एका बाईच्या नावावर असावी आणि तिनेच ती चालवावी, हे बऱ्याच जणांना अजून पचत नाही. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण या लेखातही तो अधूनमधून डोकावेल, त्याला माझा इलाज नाही.

दुकानाचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. काचेचं ऑफिस, एसी, कॉफीचं मशीन, भिंतीवर टायर कंपन्यांनी दिलेली मानचिन्हं. पुढचे दोन टायर तिथेच बदलले. बॅलन्सिंग, अलाइनमेंट, नायट्रोजन, सगळं पॅकेजमध्ये. बाहेर पडले तेव्हा गाडी सरळ चालली होती आणि स्टिअरिंग एका बाजूला कललेलं होतं. परत गेले. पोरांनी गाडी पुन्हा मशीनवर चढवली, पाच-सात मिनिटांत उतरवली, स्टिअरिंग सरळ झालं. पडद्यावर पुढच्या चाकांचं सगळं हिरवं. ‘ओके आहे मॅडम.’ पुढे एका खड्ड्यानंतर पुन्हा गेले, पुन्हा हिरवं, पुन्हा ओके. दर वेळी पैसे दिले, दर वेळी कागद घेतला आणि फाइलला लावला. मी सीए आहे. आयुष्य लोकांच्या वह्या तपासण्यात गेलं, त्यामुळे कागद फेकायची सवय नाही. पुढे याचा उपयोग झाला.

मग आवाज सुरू झाला. साठच्या पुढे गेलं की पुढून एक घूंऽऽ असा आवाज, वेगाबरोबर वाढणारा. दुकानदार म्हणाला, व्हील बेअरिंग गेलं. एका बाजूचं बेअरिंग बदलून घेतलं. आवाज होता तसाच. मग म्हणाला, आता दुसऱ्या बाजूचं. तेव्हा मी थांबले. इथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण या आवाजावर बरीच बेअरिंगं उगाच विकली जातात. टायर वाकडा झिजत असला की त्याच्या नक्षीच्या ठोकळ्यांना एका बाजूने धार येते आणि तोच टायर रस्त्यावर गुणगुणतो. बेअरिंगचा आवाज असेल तर गाडी हलकेच डावी-उजवीकडे वळवली की तो बहुधा बदलतो, एका बाजूला भार आला की वाढतो आणि दुसरीकडे कमी होतो. टायरचा आवाज वळवण्याने फारसा बदलत नाही, रस्ता बदलला की बदलतो. डांबरावरून सिमेंटवर गेलं की फरक कळतो. आणि सगळ्यात सोपी परीक्षा हाताची. गाडी बंद, थंड टायर, तळवा नक्षीवरून बाहेरून आत फिरवायचा, मग आतून बाहेर. मासा शेपटीकडून डोक्याकडे चोळल्यावर जसं हाताला लागतं तसं एका दिशेने लागलं आणि दुसऱ्या दिशेने गुळगुळीत वाटलं, तर टो, म्हणजे चाकाचं तोंड आत किंवा बाहेर वळल्याचा कोन, बिघडलेला आहे. हात सांभाळून फिरवा. मी का सांगते आहे ते पुढे येईलच.

नागपूरला निघाले होते. सिन्नरजवळ, समृद्धी महामार्गावर चढायच्या आधी, हवा बघून घ्यावी म्हणून एका पंक्चरवाल्याकडे थांबले. १२० च्या वेगाने सलग तासन्‌तास सिमेंटवर चालवायची तर हवा मोजून घेतलेली बरी, हे मी नेहमी पाळते. गाडीवर कंपनीचं स्टिकर असतं, तेच आकडे भरते. दुकानातला ‘३५ भरतो मॅडम, सगळ्यांना ३५ च भरतो’ वगैरे माझ्याकडे चालत नाही. पोरगा विशीतला. पुढच्या डाव्या चाकाशी बसला, नॉझल लावलं आणि तसाच खाली वाकून चाकाच्या मागे बघत राहिला. म्हणाला, ‘ताई, जरा स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे तोडा.’ तोडलं. त्याने मोबाइलची टॉर्च लावली आणि मला बोलावलं.

बाहेरून बघाल तर टायर सहा महिन्यांपूर्वीचा वाटला असता. नक्षी खोल, कडा शाबूत. आतली कड मात्र बोटभर रुंदीच्या पट्ट्यात पूर्ण टकली झालेली. नक्षी नाहीच. त्याच्याही आत, अगदी खांद्यावर, रबर संपून कापडाचा पांढुरका थर आणि त्यातून बारीक तारेची टोकं वर आलेली. मी नकळत बोट लावलं आणि टोक टोचलं. उजवीकडचा तारेपर्यंत गेला नव्हता, पण अवतार तोच. १.६ मिलिमीटरला नक्षीच्या खाचांत जे उंचवटे असतात, झिजेची खूण म्हणून कंपनीच ठेवते ते, त्यांचा आतल्या बाजूला मागमूस नव्हता आणि बाहेरच्या बाजूला ते अजून खाचेत खोल बसलेले होते. एकाच टायरवर. पोरगा म्हणाला, ‘याच्यावर समृद्धीला नका चढू ताई.’ हवेचे पैसेही घेत नव्हता, मी बळेच दिले.

तिथे उन्हात उभी असताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट येत होती. हे टायर या काळात त्या दुकानात अनेकदा मशीनवर चढले होते. चाकांना पट्टे लावले गेले होते. आतल्या बाजूला पोराचा हात गेला असणार. पिट होता, लिफ्ट होती, दिवे होते. कोणालाच दिसलं नाही? की दिसलं आणि दोन टायरचं गिऱ्हाईक पिकू दिलं? याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही आणि यातली कुठलीही शक्यता त्या दुकानाला शोभणारी नाही.

नागपूर रद्द. सावकाश नाशिकला गेले, मापाचे जे मिळाले ते दोन टायर घातले. जुने दोन डिकीत टाकले. टायरवाला म्हणाला, ‘राहू द्या, आम्ही लावू विल्हेवाट.’ म्हटलं, अजिबात नाही. जुना टायर हाच पुरावा असतो, तो दुकानात सोडून येऊ नका. निदान फोटो तरी काढा: तिरपा, पूर्ण रुंदी दिसेल असा, शेजारी मोजपट्टी धरून, आणि टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड दिसेल असा. त्यातले पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन वर्ष. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा.

पुण्याला परतल्यावर दुकानात गेले. टायर डिकीतून काढून त्याच्या काचेच्या दारासमोर ठेवले. मालक आला, खाली न वाकता वरूनच बघितलं आणि म्हणाला, ‘मॅडम, गाडी जोरात चालवता का?’

मी काही बोलायच्या आत त्याने माझ्या नवऱ्याकडे मोर्चा वळवला. तो बिचारा टायर उचलायला मदत म्हणून आला होता. ‘सर, मॅडमना जरा समजावा. आरएस आहे, पॉवर आहे, घाटात दाबली की टायर आतून खाणारच.’ नवऱ्याने शांतपणे सांगितलं की त्याला गाडीतलं एसीचं बटण तेवढं समजतं, विचारायचं ते हिलाच विचारा. तरीही पुढची दहा मिनिटं तो माणूस माझ्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर नवऱ्याकडे बघूनच देत होता. मी विचारलं, वळणावर भार बाहेरच्या कडेवर येतो ना, मग आतली कशी गेली? उत्तर, ‘सर, या जर्मन गाड्यांचं असंच असतं.’ (गाडी झेक आहे आणि ऑक्टेव्हिया आपल्या संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जोडल्या जायच्या. पण असो.) मी विचारलं, मग तुम्ही अलाइनमेंट करताना बघितलं कसं नाही? उत्तर, ‘मॅडम, टायरमध्येच फॉल्ट असू शकतो, कंपनीकडे क्लेम टाकू.’ पाच मिनिटांपूर्वी माझा पाय दोषी होता, आता टायर कंपनी.

आणि मग तो हुकमी एक्का निघाला. ‘कॅम्बर आउट असणार. कॅम्बर करावा लागेल. त्याचे वेगळे पडतील.’ मी म्हटलं, दाखवा कसा करणार. पोरगा हायड्रॉलिक जॅक आणि एक लोखंडी अडकण घेऊन आला. हे नीट वाचा, कारण आपल्याकडे गल्लोगल्ली हे चालतं. पुढच्या चाकामागे जो उभा शॉकअॅब्झॉर्बर असतो, ज्याला स्ट्रट म्हणतात, त्याला हे अवजार लावून तो सरळ दाबून वाकवतात. चाक थोडं आत किंवा बाहेर कलतं (हा कल म्हणजेच कॅम्बर), पडद्यावर आकडा हिरवा होतो. स्ट्रटची नळी वाकली की आतला दांडा एका बाजूला घासायला लागतो, सील जातं, तेल गळायला लागतं, आणि मग तेच दुकान तुम्हाला शॉकअॅब्झॉर्बर विकतं. काही गाड्यांत कॅम्बरसाठी बोल्टला जागा दिलेली असते, तिथे करायला हरकत नाही. माझ्या गाडीत पुढे तशी सोयच नाही. इंजिनाखालची जी चौकट असते, सबफ्रेम, ती सैल करून किंचित डावी-उजवीकडे सरकवता येते आणि दोन्ही बाजूंचा कॅम्बर सारखा करता येतो, बस. जॅक घेऊन आलेल्या पोराला मी विचारलं, सबफ्रेम कुठे असते दाखव. त्याने मालकाकडे बघितलं. मी चावी मागितली. त्या दिवशी मी चिडले नसते तर आज माझ्या गाडीचे दोन्ही स्ट्रट वाकलेले असते. जॅक लावून कॅम्बर ‘मारतो’ म्हणणाऱ्याच्या दुकानातून गाडी तशीच बाहेर काढा, दिलेल्या पैशांवर पाणी सोडावं लागलं तरी चालेल.

रात्री फाइल काढली. अलाइनमेंटचे सगळे कागद टेबलावर मांडले आणि ताळेबंद तपासावा तसे तपासायला बसले. इतके दिवस मी त्यातले फक्त पुढच्या चाकांचे हिरवे रंग बघत होते, कारण दुकानदार बोट तिथेच ठेवत होता.

पहिलं: गाडीचं नाव. प्रत्येक कागदावर वरच्या कोपऱ्यात ऑक्टेव्हिया १.८. आरएस नाही. आरएसचं सस्पेन्शन वेगळं, गाडी खाली बसलेली, त्यामुळे कंपनीने दिलेले कोनही वेगळे. मशीन तुमची गाडी ओळखत नाही, पोरगा यादीतून जी निवडेल तिचे आकडे ते घेतं. यादीतली चुकीची ओळ निवडली की हिरवा रंग दुसऱ्याच गाडीसाठी हिरवा असतो.

दुसरं: किलोमीटरच्या रकान्यात शून्य. प्रत्येक कागदावर. यावरूनच कामाची जात कळते.

तिसरं वाचून मी उठून पाणी प्यायले. मागच्या चाकांचे आकडे. डाव्या मागच्या चाकाचा टो, आधी २२ मिनिटं, नंतर २२ मिनिटं. उजव्याचा आधी ४, नंतर ४. रंग आधीही लाल, नंतरही लाल. दुसऱ्या कागदावर तेच. बिलावर मात्र दर वेळी ‘फोर व्हील अलाइनमेंट’. चारही चाकांचे पैसे घेतले, हात दोनच चाकांना लावला. आमच्या धंद्यात याला जे म्हणतात ते इथे लिहिणं बरोबर दिसणार नाही.

दुसऱ्या दिवशी फोन केला. पोरगा म्हणाला, ‘मॅडम, मागचं फिक्स असतं. मागचं होतच नाही.’ स्विफ्टचं असतं फिक्स, पोलोचंही असतं, कारण तिथे मागे एकसंध आडवा दांडा आहे. माझ्या गाडीत मागे वेगवेगळे आर्म आहेत आणि टो-कॅम्बर दोन्ही बदलायला लंबगोल बोल्ट दिलेले आहेत. दिवसभर स्विफ्ट करणाऱ्याला ते माहीत नसेल तर मी समजू शकते. मग बिलावर चार चाकं लिहू नयेत.

मागचा टो दोन्हीकडे सारखा नसला की मागची चाकं गाडीला तिरकं ढकलतात. सरळ जायला चालवणारा स्टिअरिंग वाकडं धरतो. दुकानात तक्रार केली की ते पुढचे टाय रॉड फिरवून फक्त स्टिअरिंग सरळ करून देतात. तुम्ही खूश, गाडी मात्र तशीच तिरकी. माझ्या पहिल्या दिवशीच्या वाकड्या स्टिअरिंगचं मूळ हे होतं. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी मागचा कॅम्बर, मग मागचा टो, मग पुढे. पुढून सुरुवात करणाऱ्याला काम कळत नाही किंवा करायचं नाही.

कागद वाचताना आणखी एक खाच. कोन अंश आणि मिनिटांत छापलेले असतात, ६० मिनिटांचा एक अंश. काही मशीन दशांशात छापतात. ०°३०' म्हणजे अर्धा अंश, आणि ०.३० अंश म्हणजे १८ मिनिटं. इंटरनेटवरून एका पद्धतीचे आकडे काढून दुसऱ्या पद्धतीच्या कागदाशी ताडले तर गोंधळ होणारच. आणि एवढ्याशा कोनाने काय होतं म्हणणाऱ्यांसाठी साधं गणित: एका चाकाचा टो पाव अंशाने चुकला, म्हणजे १५ मिनिटांनी, तर दर किलोमीटरला ते चाक सुमारे ४.४ मीटर आडवं घासलं जातं. दहा हजार किलोमीटरला ४४ किलोमीटर. शाळेतलं त्रिकोणमितीचं कोष्टक काढून बघा.

पण मागच्या चाकांच्या भानगडीने एकट्याने पुढचे टायर तारेपर्यंत खाल्ले नसते, हेही मला कळत होतं. पुढचे आकडे तर खरंच बऱ्यापैकी होते. मग खाल्ले कोणी?

उत्तर दिलं हडपसरच्या आतल्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज चालवणाऱ्या एका काकांनी. त्यांच्याकडे अलाइनमेंटचं मशीनच नाही. आधी गाडी स्वतः चालवली. रिकाम्या गल्लीत चाळीसवर ब्रेक जरा जोरात दाबला, हात स्टिअरिंगवर सैल ठेवून. स्टिअरिंगने हलका झटका दिला. दोनदा तेच. मग गाडी लिफ्टवर. चाक घड्याळाच्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवलं: तिथे खेळ आला तर टाय रॉड. बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं: तिथे आला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. दोन्हीकडे घट्ट. मग टॉमी, म्हणजे लोखंडी कांब, घेतली आणि लोअर आर्मच्या मागच्या बुशजवळ (आर्म चौकटीला जोडणारा रबरी जोड) घालून दाबली. आर्म अख्खा मागे गेला आणि परत आला. ‘या इकडे’ म्हणाले. बुशचं रबर लोखंडी नळीपासून सुटून अर्धगोल फाटलेलं होतं. त्यांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्या फटीत घातलं, ते पलीकडून बाहेर आलं. दुसऱ्या बाजूचंही थोड्याफार फरकाने तसंच.

‘ताई, हा मशीनवर उभा असताना एकदम गुणी असतो. ब्रेक दाबला की नाचतो.’

बस, एवढंच होतं. मशीनवर गाडी स्थिर उभी असते, तेव्हा आकडे हिरवे. रस्त्यावर ब्रेक लागला की सैल बुशमुळे चाक किंचित मागे सरकतं आणि त्याचं तोंड बाहेर वळतं, आतली कड घासत जाते. अ‍ॅक्सिलरेटर दिला की उलट ओढ. पुढच्या चाकांवर ताकद असलेल्या, वजनदार गाडीला हा खेळ जास्त बाधतो, आणि पुण्यातल्या गतिरोधकांवर दिवसातून किती वेळा ब्रेक दाबावा लागतो हे मी सांगायला नको. अलाइनमेंट करायच्या आधी खालचे जोड तपासायचे असतात, हा या कामाचा पहिला धडा. एसी आणि कॉफी असलेल्या दुकानात तो कोणी गिरवला नाही. पत्र्याच्या शेडमध्ये टॉमीने पाच मिनिटांत निकाल लागला. अलाइनमेंटला गेलात की आधी विचारा, ‘खालचा प्ले चेक केला का?’ आणि केला म्हणाला तर कसा केला ते दाखवायला सांगा, लिफ्टखाली उभं राहून. ‘कस्टमरला आत यायला परवानगी नाही’ असा बोर्ड दाखवला तर दुसरं दुकान शोधा.

बुश दोन्ही बाजूंचे एकदमच बदलायचे. एक बदलून एक ठेवणं ही खोटी काटकसर. आणि काकांनी एक गोष्ट मुद्दाम दाखवली, ती मला कोणत्याही माहितीपत्रकात मिळाली नव्हती. बुशचा बोल्ट चाकं लटकत असताना पूर्ण आवळायचा नाही. लिफ्टवर फक्त हाताने बसवायचा, मग गाडीचं वजन चाकांवर येऊ द्यायचं, आणि गाडी नेहमीच्या उंचीवर बसली की शेवटचा आवळ द्यायचा. लटकत्या अवस्थेत आवळला तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. माझे मूळचे बुश कशाने गेले ते सांगता येत नाही, वयही झालं होतं. पण बदललेले बुश वर्षभरात गेले म्हणून कंपनीला शिव्या देणाऱ्यांनी ते कसे बसवले होते ते आठवून बघावं.

त्यानंतर अलाइनमेंट, दुसऱ्या दुकानात, काका सोबत. त्या पोराने यादीतून आरएस निवडली, मी पडद्यावर खात्री केली. हवा आधी मोजली. पट्टे लावल्यावर गाडी मागे-पुढे ढकलून मशीनला रिमचा वाकडेपणा वजा करू दिला. हे ढकलणं गाळलं की पुढचे सगळे आकडे संशयास्पद. पुढच्या चाकांखालच्या फिरत्या थाळ्यांच्या पिना काढल्या. जुन्या दुकानात त्या काढलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या, तेव्हा त्यांचं काम काय तेही माहीत नव्हतं. पिना तशाच राहिल्या तर चाक मोकळं बसत नाही. बॉनेटवर आणि डिकीवर दाबून दोन-चार हिसके दिले, म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागेवर बसतं. मग मागून सुरुवात. शेवटी स्कॅनर लावून स्टिअरिंग अँगल सेन्सरचं शून्य बसवलं. सगळं मिळून तासाच्या वर गेलं. सात मिनिटांत होणाऱ्या अलाइनमेंटमध्ये काय काय गाळलं जातं ते यावरून ताडा.

बाकीचे सल्ले तुम्हाला माहीतच असतील, तरी लिहिते. हवा दर पंधरा दिवसांनी. टायर आठ-दहा हजारांवर पुढचे मागे, मागचे पुढे. नक्षीला दिशा असेल तर बाजू बदलायची नाही. खड्डा जोरात लागला की अलाइनमेंट बघून घ्या. डेप्थ गेज दोन-तीनशे रुपयांना मिळतं, घेऊन ठेवा. आत, मध्ये, बाहेर अशा तीन ठिकाणी मोजायचं आणि वहीत लिहायचं. एका ठिकाणचा आकडा निरुपयोगी असतो आणि दुकानदार मोजतो तो नेमका बाहेरचा. गेज नसेल तर महिन्यातून एकदा स्टिअरिंग पूर्ण तोडून आतली कड डोळ्यांनी बघा, फुकट आहे. रुंद टायरच्या गाड्यांत ती उभ्याने दिसतच नाही.

टायर कंपनीच्या क्लेमचं सांगायचं राहिलं. दुकानदाराने खरंच तो टाकला, मला शांत करायला असेल. कंपनीचा माणूस आला, सभ्य होता, टायर नीट मोजला आणि क्लेम नाकारला. बरोबरच केलं त्याने. वाकड्या झिजेवर वॉरंटी लागत नाही, हे प्रत्येक कंपनीच्या अटींत असतं. पण नाकारताना त्याने लेखी दिलं की टायरमध्ये दोष नाही, झीज चाकांच्या कोनामुळे किंवा सस्पेन्शनमुळे झालेली आहे. तो कागद मी आनंदाने फाइलला लावला. ज्या दुकानाने त्या काळात दर वेळी ‘ओके’ म्हणून गाडी परत दिली होती, त्याच दुकानाच्या क्लेमला आलेलं ते उत्तर होतं.

आधी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला. तक्रार नोंदवली गेली, दुकानाकडून उत्तर आलं: ‘ग्राहकाकडून वाहनाचा बेफाम वापर.’ बेफाम! माझ्या नावावर वेगाचं एकही चलान नाही, त्यांच्या नावावर लाल आकड्यांचे कागद आहेत. जिल्हा आयोगात तक्रार दाखल केली आहे. वकील लागतोच असं नाही, मी स्वतःच उभी राहणार आहे. दोन वर्षांची मुदत असते, तोवर ‘बघू, करू’ करत बसू नका, दुकानदाराला तेच हवं असतं. रक्कम फार नाही: दोन टायर, एक बेअरिंग, न केलेल्या अलाइनमेंटचे पैसे. लोक म्हणतात, एवढ्यासाठी कशाला डोकं लावतेस. हेच लोक भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालतात.

दरम्यान त्या दुकानाचे व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येत असतात. ‘प्रिय ग्राहक, आपल्या ऑक्टेव्हिया १.८ चे अलाइनमेंट ड्यू आहे. या महिन्यात कॅम्बर चेकअप मोफत.’ मी नंबर ब्लॉक केलेला नाही. प्रत्येक मेसेजची प्रिंट काढते, तारीख टाकते आणि फाइलला लावते.